पाठीला पाठ

चौकसपणा हा माझा जुना आजार, त्यावर गोळी निघालेली नाही. सानगडीच्या शाळेत बदली झाली, तलावाजवळ खोली घेतली, आणि आठवडाभरात शेजारणीच्या चुलीवर काय शिजतं तेही मला ठाऊक झालं.

शेजारीण ढिवराची, तलावात मासे धरणाऱ्या घरातली. तिचा मुलगा नुकताच तुरुंगातून सुटून आला होता. डोकं ठिकाणावर नव्हतं त्या दिवसांत त्याने सख्ख्या चुलतभावाच्या डोक्यात वल्हं घातलं होतं. आजार ओळखला गेला तो तुरुंगात. आता आई रोज समोर बसून त्याला गोळी गिळायला लावायची. पण हा माणूस जेवताना, बोलताना, नुसता बसतानाही भिंतीला पाठ लावून. मला राहवेना. विचारलंच.

"मांगून कोनी मारते असं वाट्टे त्याले," ती म्हणाली. "गोळीनं कानातले आवाज गेले, बाई. पाठ नाई मानत."

मासेमारीच्या गटाने त्याला परत घेतलं होतं. जाळं ओढताना त्याला दोराचं शेवटचं टोक देत, म्हणजे मागे कोणी नको. मला वाटलं, मिटलं. पण खरी अडचण वाट्यांची होती.

मासोळीचे सारखे ढीग लावतात. एक जण सगळ्यांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एकेका ढिगावर बोट ठेवून विचारतो, "हा कोनाचा?" पाठमोरा ज्याचं नाव घेईल, त्याचा तो ढीग. भांडायला जागाच नाही. ही पाळी प्रत्येकाला असते. याची आली की हा घरी निघून जायचा, आणि कोणीतरी त्याचा वाटा दारात आणून ठेवायचं. मला ते फार मायेचं वाटे. त्याच्या आईला मात्र तो वाटा घशाखाली उतरत नसे.

"घरी आनून देलं त दान झालं. पाळी घेतली तरच हक्क. मी मेल्यावर दान कितीक दिस पुरन?"

पुढच्या पाळीला मी मासोळी घ्यायचं निमित्त करून हजर. म्हातारा मुखिया म्हणाला, "जाऊ दे त्याले." आई म्हणाली, "नाई." तो पुढे आला. आमच्याकडे पाठ केली आणि लगेच गर्रकन वळला. पुन्हा केली, पुन्हा वळला. घामाने सदरा भिजला. मला तर वाटलं, उगाच आले पाहायला.

तेव्हा चुलतभाऊ उठला. ज्याच्या डोक्यात वल्हं बसलं होतं, तोच. टाळूजवळ अजून केस उगवत नाहीत त्याचे. तो गेला आणि त्याच्या पाठीला पाठ टेकवून उभा राहिला.

"मांगचं मी पाहतो. तू तलावाकडं पाह्य अन् नाव घे."

मुखियाने बोट ठेवलं. "हा कोनाचा?" मग एक नाव आलं, दबक्या आवाजात. मग दुसरं. असं करत सगळे ढीग संपले. आईने त्याच्या वाट्याला हात लावला नाही, त्यालाच उचलू दिला. माझे डोळे भरून आले, हे कबूल करते.

परतताना मी चुलतभावाला गाठलंच. "त्याच्याकडे पाठ करून उभे राहिलात. भीती नाही वाटली?"

"वाटली ना," तो म्हणाला. "पन पाठ टेकवली त समजलं, तो माह्याहून जास्त थरथरून राहिला होता. मंग म्या कसा हलू, बाई?"