पुठ्ठ्यावरचा कीबोर्ड

नव्वदनंतरची गोष्ट. आमच्या सुपेल्यातल्या एका छापखान्याला मराठी टाइप करणारी मुलगी हवी होती. ती नोकरी मला लागली, तर अमरावतीच्या स्थळाला नाही म्हणायचं बाबांनी कबूल केलं होतं. मला ती सोयरीक नकोच होती.

घरी कॉम्प्युटर नव्हता. साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मी कीबोर्ड आखला आणि छापखान्यातून जोडाक्षरांचा तक्ता उतरवून आणला: अल्टचं बटण, मग चार आकडे, की अक्षर. रोज दहा कोड पाठ. बाबा कारखान्यात क्रेन चालवायचे. ड्युटीवर जाण्याआधी ते समोर बसून माझा सराव घ्यायचे. "एक बटन दाबलं का बोट उचल. दोन बटनं संगं दाबाची नाहीत," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. क्रेनचा नियम तोच होता. मीही शिफ्ट काय नि अल्ट काय, दाबून सोडायची आणि मग पुढचं.

छापखान्यातल्या परीक्षेला एका मंडळाच्या अहवालाचं पान टाइप करायला मिळालं. नजर कागदावर ठेवून मी सुटले. यंत्र मधेमधे टीं टीं करत होतं. मला वाटलं, बरोबर चाललंय.

"अवं बाई, थांब!" छापखान्याचे मालक ओरडले. "हे काय करून राहिली तू?"

मी वर पडद्याकडे पाहिलं. दीड ओळ गिचमीड, तिच्यावर कुठलासा मेनू उघडा. बाकी पान कोरं. वीस मिनिटं मी कुठे टाइप करत होते?

मालकांनी तक्ता उलटा करून ठेवला. "श्र?"

"शून्य दोन एक चार."

त्यांनी आणखी सात-आठ विचारले. सगळे बरोबर आले. "पुरा तक्ता पाठ, आन् अल्ट धरून ठेवाचं मालूम नाही? नुसतं दाबून सोडलं का मेनूच उघडते. कोनी शिकवलं तुले?"

"बाबांनी. ते क्रेनवर आहेत."

मालक मटकन स्टुलावर बसले. मग म्हणाले, "धर अल्ट. मी सांगेपर्यंत सोडू नको."

मी दाबून धरलं. काहीतरी तुटून पडेल असंच वाटत होतं. आकडे मारले, अल्ट सोडलं, आणि श्र उमटला.

पान पुन्हा केलं. चुका अकरा निघाल्या. "सोमवारपासून ये," मालक म्हणाले.

घरी सगळं सांगितलं, तर बाबांच्या हातातला कप तसाच राहिला. "दोन बटनं? संगं? आन् तिथं कोनी काही बोललं नाही?"

"तसंच करायचं असतं, बाबा."

त्यांनी पुठ्ठा उचलून बाजूला ठेवला. मग अमरावतीला 'नाही' लिहायला पोस्टकार्ड मागितलं.