प्रकट वकील

रत्नागिरीच्या कोर्टाच्या आवारात आमच्या नोटरी वकीलसाहेबांना सगळे प्रकट वकील म्हणायचे. कारण एकच. समोर आलेलं प्रतिज्ञापत्र ज्याचं त्याने उभं राहून, शाळेतल्यासारखं मोठ्याने वाचल्याशिवाय हा माणूस शिक्क्याला हात लावत नसे. "प्रकट वाचा," असं म्हणून ते खुर्चीत मागे रेलायचे आणि डोळे मिटायचे. बाकीच्या नोटरींकडे पाच मिनिटांत काम व्हायचं, तरी लोक आमच्याकडे का यायचे, हे मला पुष्कळ दिवस कळलं नव्हतं. मी त्यांचा टायपिस्ट. अकरा वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून लोकांच्या शपथा टाईप केल्या.

एकदा मिरकरवाड्याचा एक नौकामालक आला. बोटीचे कागद गहाळ झाले, असं प्रतिज्ञापत्र हवं होतं. वाचता येत नव्हतं, म्हणून साहेब एकेक वाक्य सांगत होते आणि तो मागून म्हणत होता. 'सदर कागद माझ्याकडून गहाळ झाले असून' इथवर आला आणि अडला. डोकं खाजवून म्हणाला, "गहाळ म्हंजे तसे नाय ओ साहेब. मेव्हण्याकडं हायत. तो देत नाय." साहेबांनी डोळे उघडले. त्याला चहा पाजला आणि मेव्हण्याला बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी कागद आले, खोटी शपथ टळली. "डोळ्यांनी वाचताना माणूस थापा मारू शकतो," ते मला म्हणाले, "स्वतःच्या कानांना ऐकवताना जीभ अडखळते."

साहेब कॅथलिक. चर्चमधली रविवारची मिसा कधी चुकली नाही, टेबलाच्या काचेखाली मदर मेरीचं चित्र. दर मे महिन्यात त्यांच्या अंगणातल्या क्रुसापुढे लदीन व्हायची, म्हणजे शेजारीपाजारी जमून म्हणायची प्रार्थना. नंतर उकडलेले चणे आणि कोकम सरबत. आम्ही ऑफिसातलेही जायचो. शेवटी साहेब सगळ्यांची नावं घेऊन देवाकडे मागणं मागत. नवराबायकोची नावं एका दमात, एकट्यादुकट्याचं वेगळं. माझी पाळी आली की दरवर्षी ठरलेलं, "आमच्या सुहासला चांगली बायको मिळू दे." लोक आमेन म्हणत. मी तेवढ्यापुरता तोंड मिटून बसायचो. उगाच देवाने ऐकलं तर काय घ्या.

कारण माझ्या घरी विनय होता. राजापूरच्या शाळेत शिक्षक, रोज एसटीने जाऊन-येऊन. गावाच्या लेखी तो माझा भाडेकरू. भाडं किती, हे कोणी विचारलं नाही, म्हणून आम्हाला ठरवावंही लागलं नाही. आमचा संसार नऊ वर्षं असा भाडेकरूच्या नावावर चालला होता.

सर्वोच्च न्यायालयाने दोन पुरुषांच्या प्रेमाला गुन्हा म्हणणं थांबवलं, त्या दिवशी वकिलांच्या खोलीत चर्चेला ऊत आला होता. कोणीतरी साहेबांना डिवचलं, "काय साहेब, तुमच्या धर्मात तर हे पाप ना?" साहेब म्हणाले, "पाप फादरला विचारा. गुन्हा मला विचारा. गुन्हा नाही." मी मान खाली घालून टाईप करत होतो. खरं तर तेव्हाच मला हायसं वाटायला हवं होतं. पण भित्र्या माणसाला अर्धंच ऐकू येतं. मला फक्त 'पाप' ऐकू आलं. साहेबांना कळलं तर नोकरी जाईल, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांच्या नजरेतून मी उतरेन, या भीतीने मी आणखी गप्प झालो.

मग विनयच्या हृदयाची झडप बिघडली. कोल्हापूरला ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, हा बेशुद्ध असताना निर्णय कोण घेणार, ते कागदावर आणा. मुंबईच्या भावाने संबंध तोडले होते. फोनवर त्याने स्वच्छ सांगितलं, "मला यात ओढू नकोस." राहिलो मी, आणि माझं त्याच्याशी कुठलंच नातं नव्हतं. ऑफिसातला जुना नमुना काढला आणि त्यात होतं तसंच टाईप केलं, 'माझे मित्र श्री. सुहास यांना माझ्या वतीने'. दुसऱ्या नोटरीकडे जायचं मनात आलं होतं. पण विनय म्हणाला, "तुझ्या साहेबांचा शिक्का असला की कोणी शंका घेत नाही."

विनय उभा राहिला, वाचू लागला. 'माझे मित्र' म्हणाला आणि साहेबांनी डोळे उघडले.

"थांबा. सुहास, हा तापाने फणफणला तर पेज कोण करतं?"

"मी."

"आणि तुझी आई गेली तेव्हा बाराव्यापर्यंत शाळेतून रजा कोणी काढली होती? मी आलो होतो ना तुझ्या घरी. डोळे होते मला."

मी विनयकडे बघितलं.

"मग मित्र कशाला लिहिलंस? अकरा वर्षं माझ्याकडे काढलीस आणि मलाच खोटी शपथ नोंदवायला सांगतोस?"

"काय लिहू?" मी विचारलं.

"मला काय विचारतोस? शपथ त्याची आहे."

विनय म्हणाला, "जोडीदार."

मी नवा कागद घातला. तो एक शब्द माझ्याकडून तीनदा चुकला. विनयने पुन्हा पहिल्यापासून वाचलं, वर्गात वाचतात तसं, खणखणीत. दार सताड उघडं होतं. बाहेरच्या बाकावरच्या लोकांपैकी एकानेही मान वळवली नाही. त्यांना त्यांच्या नंबरची काळजी होती. साहेबांनी शिक्का मारला आणि मला वाटलं, छातीवरचा धोंडा कोणीतरी उचलून बाजूला ठेवला.

विनय बाहेर गेल्यावर मी कसंबसं म्हटलं, "साहेब, तुमचा धर्म..."

"त्याचा मी अजून विचार करतोय. सत्तरी आली, घाई करू नकोस मला. पण शिक्का सरकारचा आहे, तो माझ्या विचारासाठी थांबत नाही." मग काचेखालच्या चित्राकडे बघत म्हणाले, "आम्ही या गावात मूठभर. आमच्या चर्चची घंटा बहुमताला विचारून वाजवायची म्हटली तर वाजेल का रे? ती ज्या कायद्याने वाजते, त्याच कायद्याने तुझा कागद चालतो."

कोल्हापूरला त्या कागदाकडे बघून हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या बाईंनी फक्त विचारलं, "जोडीदार तुम्हीच ना? इथे सही करा." ऑपरेशन नीट झालं. विनय आता जिने चढतो आणि माझ्यावर खेकसतो, म्हणजे बराच आहे.

पुढच्या मेमध्ये साहेबांनी काम थांबवलं आणि नोटरीचा शिक्का सरकारला परत केला. ते आणि त्यांची बायको लुसीमावशी वसईला मुलीकडे निघाले होते. त्यांच्या अंगणातली ती शेवटची लदीन. विनयही आला होता, माझ्या शेजारी बसला होता. साहेब नावं घेत माझ्यापाशी आले आणि थांबले. इतके थांबले की लुसीमावशीने डोळे उघडून त्यांच्याकडे बघितलं. कागदावर शिक्का मारणं त्यांचं कामच होतं, पण इथे त्यांच्या देवापुढे त्यांना कुठलाच कायदा लागू नव्हता.

"आमचे सुहास-विनय," साहेब एका दमात म्हणाले, "यांना उदंड आयुष्य दे."

लोक आमेन म्हणाले. मीही म्हणालो. प्रकट.