अर्ध्या तासाची देणगी परत करावी

पावतीमावशींना हे नाव मी ठेवलं, असा माझ्यावर आरोप आहे. तो खोटा नाही. बाईंनी अठ्ठावीस वर्षं लाँड्रीच्या काउंटरवर काढली. चादर आली की पावती, पायमोज्यांची जोडी आली की पावती, आणि एकच पायमोजा आला तर पावतीवर ‘दुसरा घरी’ असा शेरा. निवृत्त होऊन आमच्या संस्थेच्या चिटणीस झाल्या, तरी सवय जाईना. मी एकदा त्यांच्याकडून खोकल्याची गोळी मागून घेतली, तर तिचीही वहीत नोंद झाली.

आमची संस्था म्हणजे दोन खोल्यांचा संसार. अंध माणसांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची आणि त्यांना घरपोच पाठवायची. सहाशे श्रोते आहेत. एका खोलीत कपाटं, दुसरीत भिंतींना स्पंज लावलेला, एक माइक आणि एक कुरकुरणारी खुर्ची. मी तिथे खुनाच्या गोष्टी वाचतो. खुनी कोण ते माझ्या आवाजावरून तिसऱ्या प्रकरणातच कळतं, अशी श्रोत्यांची तक्रार आहे. असो.

संस्थेचे अध्यक्ष म्हणजे मावशींचे सख्खे थोरले भाऊ. त्यांची हयात शिलाई मशिनं विकण्यात गेली, त्यामुळे गप्प बसण्याची सवय नाही. लहानपणापासून बहिणीच्या वाटचंही तेच बोलत आले. शाळेत तिला नाव विचारलं तर सांगणार दादा. पुढे तिला मागणी घालायला एक तरुण आला, त्यालाही उत्तर दादांनीच दिलं. काय दिलं, ते मावशींना अजून नीट ठाऊक नाही.

दुपारी वाचणारे कोणी येत नसत, खोली रिकामी असे. जाहिराती करणाऱ्यांना तिचा वास लागला. शांत खोली, चांगला माइक आणि शहरातल्या स्टुडिओच्या निम्मे पैसे. रोज कोणीतरी येऊन गादीची किंवा साबणाची तारीफ रेकॉर्ड करून जाऊ लागलं. पैसे चांगले येत होते, त्यातून पुस्तकं पाठवण्याचा खर्च भागत होता. प्रश्न इतकाच, की पावती कसली द्यायची. मावशी म्हणाल्या, भाड्याची. दादा म्हणाले, संस्था ना-नफा, तेव्हा तिच्या दारातून आत येणारा प्रत्येक पैसा देणगीच. कर कंपन्यांना असतो, आपण काय कंपनी आहोत? मावशींनी मान डोलावली आणि तीन वर्षं देणगीच्या पावत्या फाडल्या. मात्र ‘देणगी’ हा शब्द इतक्या बारीक अक्षरात लिहीत, की मला तो भिंग लावून वाचावा लागे. मी तो का वाचत होतो, हे विचारू नका.

मग एका सकाळी कर कार्यालयातल्या बाई आल्या. वयाने लहान, सर्दीने बेजार. अध्यक्ष यायचे होते, म्हणून त्यांना दाराजवळच्या बाकावर बसवलं. त्या बाकाशेजारी, खिळ्याला सुतळीने टांगलेली, मावशींची तक्रारवही. लाँड्रीत अशी वही असते म्हणून इथेही. वेळ जावा म्हणून बाईंनी ती उघडली. जरा वेळाने त्या रुमालात तोंड घालून हसताना दिसल्या. मला वाटलं शिंकतायत.

दादा आले आणि त्यांनी सेवा, त्याग, समाज असं सगळं एका दमात सांगून टाकलं. बाईंनी शांतपणे वही पुढे केली आणि एक नोंद वाचली.

“‘काल दिलेल्या देणगीत तीन तास ठरले होते. अडीचच मिळाले. अर्ध्या तासाची देणगी परत करावी.’ साहेब, तुमचे देणगीदार तक्रार करतात?”

“आमचे देणगीदार फार जिव्हाळ्याचे आहेत,” दादा म्हणाले.

खाली मावशींचं उत्तरही होतं: पुढच्या खेपेला अर्धा तास जास्त मिळेल.

बाईंनी मग नाक पुसत सगळं उलगडून सांगितलं. ना-नफा म्हणजे सरसकट करमाफ नव्हे. देणग्या आणि संस्थेच्या मूळ कामातून येणारे पैसे माफ. पण खोली भाड्याने देणं हा मूळ कामाशी संबंध नसलेला धंदा. त्याचा हिशेब वेगळा ठेवायचा, खर्च वजा जाता उरेल त्यावर कंपनीला लागतो त्याच दराने कर भरायचा. नफा पुढे चांगल्या कामाला लावला तरी. आजच कबूल केलंत तर तीन वर्षांचा कर आणि व्याज, एवढ्यावर भागेल. देणगीच म्हणून अडून बसलात आणि ते खोटं ठरलं, तर संस्थेची माफीच जाईल. मग खऱ्या देणग्यांवरही कर. तसं झालं तर सहाशे माणसांना पुस्तकं कशी जाणार, याचा हिशेब खोलीतल्या प्रत्येकाने मनातल्या मनात केला.

दादांनी तोंड उघडलं. बाईंनी हात वर केला. “पावत्यांवर सही यांची आहे. यांनाच सांगू द्या.”

दादांनी बहिणीकडे पाहिलं. ती नजर मी ओळखतो, साठ वर्षांची आहे. मावशींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“भाडं आहे ते,” त्या म्हणाल्या. “पहिल्या दिवसापासून भाडंच होतं. डाग कसला ते आधी सांगा, असं मी गिऱ्हाइकांना अठ्ठावीस वर्षं बजावत आले. इथे मीच सांगितलं नाही.”

दादा बाहेर जाऊन पायरीवर बसले. दोन आठवडे बहिणीशी बोलले नाहीत. त्या दोन आठवड्यांत मावशींची तब्येत सुधारली, असं माझं निरीक्षण आहे.

कर भरला, व्याज भरलं, नवा माइक वर्षभर लांबला. मावशींनी भाडं वाढवलं आणि जाहिरातवाल्यांना रीतसर बिलं द्यायला सुरुवात केली. वाटलं, आता ही मंडळी पळणार. उलट ती खूश झाली. बिल मिळालं की भाडं त्यांना धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येतं. त्यांच्या हिशेबनिसांनी म्हणे तीन वर्षं डोकं खाल्लं होतं, की साबणाची कंपनी एका खोलीला आठवड्याला दोनदा देणगी का देते.

मग वार्षिक सभा आली. अहवाल वाचायला अध्यक्ष उभे राहिले. दुसऱ्या पानावर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “व्यवहार स्वच्छ असावा, हे मी पहिल्यापासून सांगत आलोय.” मला ठसका लागला. तो खरा नव्हता.

“दादा,” मावशी बसल्या जागेवरून म्हणाल्या, “ते अहवालात नाही. लिहिलंय तेवढं वाच. की मीच सांगू?”

उत्तराची वाट न बघता त्या उठल्या आणि अकरा मिनिटं बोलल्या. भाडं कसं आलं, ते देणगी म्हणून कसं लिहिलं गेलं, कर किती भरला, सगळं सांगितलं. कुठेही अडल्या नाहीत. दादा तेवढा वेळ शेजारी उभेच होते. बसावं की नाही, ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.