हाडोळ्यातला जबडा

मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस. अक्षर लावून लावून वाचतो, पण वाचतो. माझी थोरली लेक मात्र पाचवीत असतानाच घडाघडा वाचायची. ते बाहत्तरच्या दुष्काळाचं साल. दिवसभर मी आणि बायको सडकेच्या कामावर खडी फोडायचो, आणि सांजच्याला रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकर खाताना लेक शाळेतलं पुस्तक वाचून दाखवायची.

शाळेत सेलूहून लेकरांच्या पुस्तकांची एक पेटी आली होती. पाखरांचं पुस्तक, चांदण्यांचं पुस्तक, मुंग्यांचं पुस्तक. गुरुजी एकेक घरी न्यायला द्यायचे. कामावरच्या मुकादमाला हे कळल्यापासून तो मला चिडवायचा, "काय रे, पोरगी वाचायली अन् बाप ऐकायलाय. तुमच्यात समदं उलटंच!"

"तुमच्या घरी कोण वाचतंय तेवढं सांगा," मी म्हणायचो.

पुढं तिनं कोट्यवधी वर्षांमागच्या जनावरांचं पुस्तक आणलं. घराएवढी जनावरं, कुणाची मान लांब, कुणाच्या पाठीवर काटे. आता एक पण जित्तं नाही.

"पाणी आटलं, चारा संपला आणि कित्येक प्राणी मेले," तिनं वाचलं.

"म्हंजे दुष्काळच की," बायको म्हणाली.

पुढं लिहिलं होतं की त्यांची हाडं मातीखाली दबून दगड झाली, अजून कुठं कुठं सापडतात. तुमच्या गावाजवळही असतील. जागांची जुनी नावं विचारा, नावात खूण असते.

लेकीनं पुस्तक मिटलं. "बा, आपल्या शेताला हाडोळा का म्हणतेत?"

मी भाकर मोडत म्हणालो, "जुनं नाव हाय."

"मंग तेच! हाडं हाईत म्हणून हाडोळा. चारठाण्याला नांगराला मूर्ती लागतेत म्हणं, मंग आपल्याकडं हाडं का लागणार न्हाईत?"

हाडोळा म्हणजे गावानं आमच्या बापजाद्यांना दिलेली जमिनीची पट्टी. गावात ढोर मेलं की आमी ओढून न्यायचं, सोलायचं, मांस खायचं, हाडं तिथंच टाकायची. त्या कामाच्या बदल्यात ती जमीन. आमी धम्म घेतला तेव्हा ते काम सोडलं. गावानं मजुरी बंद केली, दुकानदारानं मीठ दिलं नाही. तरी सोडलं ते सोडलं. लेक त्याच्या नंतर जन्मली. ह्या कामाचा शब्दसुद्धा उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचा नाही, असं मी ठरवलं होतं.

"सांगून टाका तिला," लेक निजल्यावर बायको म्हणाली.

"न्हाई सांगायचं. जमीन दगडावानी झाली. उकरल, उकरल, कंटाळल."

ती कंटाळली नाही. माझ्याच वळणावर गेलेली. शाळा सुटली की खुरपं घेऊन हाडोळ्यात. हाताला फोड आले, त्याला चिंधी बांधून पुन्हा तिथंच. आणि एक दिवस परकराच्या ओच्यात काहीतरी धरून पळत आली.

"बा! घावलं!"

अर्धा जबडा होता, दाढांसकट, काळ्या मातीनं काळा पडलेला. हातात घ्यायची गरजच नव्हती. बैलाचा. खालच्या अंगाला बारीक आडव्या रेघा.

"ह्या रेघा बघ," ती बोट फिरवून दाखवायली. "पुस्तकात हाय तसंच. दुसऱ्या मोठ्या जनावरानं ह्याला खाल्लं, त्याच्या दातांच्या खुणा हाईत ह्या. उद्या वर्गात नेते. सगळ्यांच्या पुढं ठेवते."

वर्गातली बाकीची लेकरं गावातल्या शेतकऱ्यांची. हाडोळा म्हणजे काय, हे त्यांना घरातच कळलेलं. ही जबडा ठेवील, आणि कुणीतरी हसून हिला सांगेल. शाळेत बसायला बाक नव्हते, पण हसणारे होते.

"माय, खाली ठेव ते."

"का?"

"त्या दाताच्या खुणा न्हाईत. सुरीच्या हाईत."

"कुणाच्या सुरीच्या?"

"तुझ्या आज्याच्या. न्हाईतर माझ्या. मी बी सोललेत."

मग सगळं सांगितलं, उभ्यानंच. कमी केलं नाही, वाढवलं नाही. काम कसं सोडलं, मिठावाचून कसं खाल्लं, तेही छाती काढून सांगितलं. मला वाटलं, एवढं ऐकून तिची मान वर होईल. तिनं इतकंच विचारलं, "मंग खायचे का तुमी?"

"खायचो."

"आई बी?"

चुलीपुढून बायको म्हणाली, "भूक लागायची, माय."

लेकीनं जबडा भिंतीशी ठेवला. रांजणापाशी गेली आणि हात धुवायला लागली. ते पाणी बायको कुठून कुठून डोक्यावर आणायची. आमी तोंडसुद्धा ओल्या फडक्यानं पुसायचो. आणि ही तांब्यावर तांब्या घ्यायली, कोपरापर्यंत घासायली. मी ओरडणार होतो, पण बायकोनं हात वर केला. तांब्या रांजणाच्या तळाला खरवडला तेव्हाच ती थांबली.

सकाळी कामावर जायच्या आधी मी तो जबडा नेऊन पुरला. लेकीनं पुस्तक परत दिलं. पुढं गुरुजी सडकेवर भेटले.

"अहो, तुमची मुलगी काहीतरी शोधत होती ना? सापडलं का?"

"न्हाई."

"आता दुसरं पुस्तकही नको म्हणते. वर्गात वाचणारी तेवढी एकच होती."

मी हातोडा चालवत राहिलो.

लोक म्हणतील, सांगायला नको होतं. मी म्हणतो, चार पोरांच्या हसण्यातून कळण्यापरीस बापाच्या तोंडून कळलेलं बरं. आजही तेच म्हणतो. पण तिनं पुन्हा मला काही वाचून दाखवलं नाही, हेही खरं. सांजच्याला भाकर खाताना घरात चावण्याचा तेवढा आवाज असायचा.

पुढच्या साली हाडोळ्यात पेरणी करायची होती आणि माणसं कमी होती. मी तिला हाक मारली, "चल, बी सोडायला."

ती दारातच उभी होती. "मी न्हाई येत तिथं."

मी दुसऱ्यांदा बोलावलं नाही. मी औत धरलं, बायकोनं बी सोडलं.