किल्लीचा पाठ

मी इतिहास शिकवत नाही, इतिहास कसा शिकवायचा ते शिकवते. रत्नागिरीतल्या एका बी.एड. कॉलेजात माझं आयुष्य यातच गेलं. दर वर्षी नवी मुलं-मुली येतात, आणि फाळणीचा घटक आला की मी एकच प्रश्न विचारते, "निर्वासित म्हणजे कोण?" पुस्तकातली व्याख्या कुणीच सांगत नाही. "फुकटचं रेशन खाणारे." "आपल्या पोरांच्या नोकऱ्या घेणारे." मागच्या बाकावरचा एखादा उठून म्हणतो, "हातखंब्याच्या नाक्यावर जाऊन बघा ना मॅडम, टपऱ्या कोणाच्या झाल्यायत त्या." अरे, ते परप्रांतातून पोट भरायला आलेत, निर्वासित नव्हेत, असं म्हटलं की उत्तर तयार, "एकच ते." मग माझं डोकं फिरतं. यांच्यातल्या निम्म्यांचे काका-मामा मुंबईत एकेका खोलीत दाटीवाटीने राहून मोठे झाले. त्यांच्यासाठी तिथे कोणी पायघड्या घातल्या होत्या? हे विचारलं की वर्ग हसतो, आणि पुढच्या वर्षी नवा वर्ग तेच बोलतो. माझा नवरा म्हणतो, "पालथ्या घड्यावर पाणी ओतायचा पगार मिळतो तुला."

या वर्षी मात्र एक घडा सुलटा आहे असं मला वाटलं होतं.

ही विद्यार्थिनी चिपळूणजवळच्या अलोऱ्याची. अंगाने किरकोळ, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत. मी वर्गाला काम दिलं होतं, की आपल्या घरातलं कोणी कधी घरदार सोडून निघालं असेल तर त्याची गोष्ट विचारून या. बहुतेकांनी मुंबईला गेलेल्या आजोबांची गोष्ट आणली. हिने आजीची आणली. कोयना धरणाच्या पाण्यात त्यांचं गाव गेलं. आजोबा घाट उतरून पोफळीला वीजघराच्या कामावर मजूर लागले. जिथे झोपडी बांधली तिथली माणसं यांना 'बुडीतवाले' म्हणत. विहिरीवर आजीचा नंबर सगळ्यांच्या मागून. बाकीच्यांचं भरून झालं की हिने घागर सोडायची, तोवर पाणी गढूळ झालेलं. सांगता सांगता पोरगी रडली. हातखंब्याच्या टपऱ्या मोजणारासुद्धा मान खाली घालून बसला. मी घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, "बघ." तो म्हणाला, "बघू."

पुढे ती सराव पाठांसाठी शहरातल्या एका शाळेत आठवीच्या वर्गावर जाऊ लागली. एक दिवस धावतच माझ्याकडे आली. "मॅडम, माझ्या वर्गात एक खरीच निर्वासित आहे!" लॉटरी लागल्यासारखा चेहरा. तिचा तो आनंद मला जरा खटकला, पण तरुण आहे म्हणून मी सोडून दिलं. ती मुलगी देशाच्या पार पूर्वेकडच्या डोंगरातली. दंगलीत त्यांचं घर जळलं, काही महिने छावणीत काढले, मग कुणाच्या तरी ओळखीने बाप इथे मासळीच्या कारखान्यात लागला. दिवसभर बर्फात हात. सगळी शाळा तिला नेपाळी म्हणायची, कारण तसा चेहरा आम्ही रत्नागिरीकरांनी फक्त आंब्याच्या बागेतल्या राखणदाराचा आणि मच्छीमार बोटीवरच्या खलाशाचा पाहिलेला. मी माझ्या विद्यार्थिनीला एवढंच बजावलं, "तिला मुद्दाम बोलतं करू नकोस. पण आपणहून बोलली तर ऐक." ती म्हणाली, "हो मॅडम." माझ्या मनात आलं, इतक्या वर्षांत एक तरी शिक्षिका तयार झाली. खोटं कशाला सांगू, मला रडू यायचं बाकी होतं.

मग वार्षिक पाठ आला. बाहेरचे परीक्षक येतात आणि गुण देऊन जातात. या पाठाची आमच्याकडे जुनी रीत आहे. आदल्या दिवशी त्याच वर्गात तोच पाठ घेऊन ठेवायचा. कोण कोणतं उत्तर देणार ते वाटून द्यायचं. हात सगळ्यांनी वर करायचे, उत्तर येणाऱ्यांनी उजवा, न येणाऱ्यांनी डावा, म्हणजे परीक्षकांना सगळा वर्ग हुशार दिसतो आणि शिक्षिकेला कोणाला उठवायचं ते कळतं. हे सगळ्यांना माहीत असतं. मी दर वर्षी ओरडते, आणि दर वर्षी डावे हात वर होतात.

तिचा पाठ फाळणीतल्या निर्वासितांवर होता. पाठाच्या टाचणात उद्दिष्ट लिहिलं होतं, 'विद्यार्थी निर्वासितांच्या दुःखाशी समरस होतो.' टेबलावर चादरीचं गाठोडं, आणि फळ्याला टांगलेली पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली, वर सोनेरी कागद. तिने विचारलं, "एका रात्रीत घर सोडावं लागलं, तर तुम्ही काय न्याल?" भराभर हात वर. कोणी देवाचा फोटो, कोणी दाखले. शेवटी पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "घराची किल्ली, कारण परत यायची आशा असते." लगेच हिने गाठोड्यातून खरी, गंजलेली किल्ली काढली.  परीक्षक घाटावरचे, जाडजूड गृहस्थ. रुमालाने डोळे टिपत मला म्हणाले, "लई आतनं शिकवती ओ पोरगी." माझेही डोळे भरले होते. बोर्ड पुसून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्या वर्गात ती डोंगरातली मुलगी कुठेच नव्हती.

परीक्षक चहाला गेले तेव्हा मी माझ्या विद्यार्थिनीला विचारलं. तिने अगदी सरळ सांगितलं, लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं.

"बाजूच्या तुकडीत बसवलंय मॅडम. काल तिला डावा हात सांगितलेला, तिनं उजवा वर केला. मला वाटलं, असू दे. तर ती बोलाया लागली ती थांबेचना. अर्धं हिंदी, अर्धं मराठी. म्हणे, आम्ही कुलूप लावलंच नाय. दार उघडंच ठेवून निघालो, कारण बंद असलं तर लोक दार फोडतात, उघडं असलं तर निदान दार तरी वाचेल. मग म्हणे, दार पण जळलं. सगळी पोरं तिच्याकडेच बघत बसली. माझी किल्ली फुकट गेली ना मॅडम! तास संपला, स्वाध्याय द्यायचा राहिला."

"मग?"

"मग काय, आजच्यापुरतं म्हटलं तिकडे बस. हाकललं नाय मी. चॉकलेट पण दिलं."

माझा संताप झाला. मी म्हटलं, "तुझ्या आजीलाही विहिरीवरून कोणी हाकललं नव्हतं. नुसता नंबर मागे लावला होता."

 ती चिडली असती, रडली असती, तरी मला बरं वाटलं असतं. तिला खरोखरच काही कळलं नव्हतं. समजावणीच्या सुरात म्हणाली, "आजीचं वेगळं होतं ना मॅडम. आजी आपली होती."

 आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणून हात झटकावेत, तर हिच्या आडात सगळं होतं. गढूळ पाणी प्यालेली आजी होती, खरे अश्रू होते. ते सगळं असूनही बाहेर आली ती पुठ्ठ्याची किल्ली. गुण परीक्षकांनी लिहूनही टाकले होते, वर्गात सर्वांत जास्त. पुढच्या जूनपर्यंत तिला कुठेतरी नोकरी लागेल, आणि ती जन्मभर चांगला पाठ घेत राहील.

मी बाजूच्या तुकडीत गेले. तिथे शिक्षक नव्हते, पोरांचा दंगा चालला होता. ती शेवटच्या बाकावर एकटी, दप्तर मांडीवर घट्ट धरून. मधल्या भिंतीतून पलीकडच्या पाठाचं अक्षर न् अक्षर तिला ऐकू आलं असणार, आवाजच तेवढा खणखणीत. मी तिच्याशेजारी बसले. म्हटलं, "बाळ, काल तू वर्गात काय सांगत होतीस, ते मला सांगशील? मला ऐकायचंय."

ती चटकन उभी राहिली आणि उजवा हात वर केला.

"मॅडम, काल चुकलं. आता येतं मला," ती म्हणाली. "घराची किल्ली. कारण परत यायची आशा असते."