लुकणाचा वास

माझे बाबा खिडक्यांना काचा बसवतात. आठवड्याचे सहा दिवस काच आणि रविवारी गोल, अशी त्यांची बावीस वर्षं गेली. आमच्या गावच्या फुटबॉल क्लबाचे ते गोलरक्षक होते. आई म्हणायची, "रविवारी चेंडू अडवायचे आणि सोमवारी कुणाच्या तरी पोरानं चेंडू मारून खिडकी फोडावी म्हणून वाट बघायची. देवानं यांचं नेमकं ऐकायचं काय?"

क्लबात त्यांना 'तावदान' म्हणत. एका सामन्यात पाच गोल खाल्ले, तेव्हा कप्तानानं ठेवलेलं नाव. "याच्यातून सगळं आरपार जातं," तो म्हणाला होता. कप्तान म्हणजे कोपऱ्यावरचा बेकरीवाला, बाबांचा शाळेपासूनचा दोस्त.

आमच्या घराला लुकणाचा वास होता. काच चौकटीत घट्ट बसावी म्हणून कडेनं भरतात ते लुकण, खडूची पूड जवसाच्या तेलात मळून केलेलं. बाबांच्या बोटांना, टॉवेलांना, माझ्या वह्यांच्या कव्हरांनाही तो जडसर, तेलकट वास यायचा. शाळेत असताना मला त्याची लाज वाटे.

देशाच्या चषकात खेळायचं तर आमच्यासारख्या छोट्या क्लबांना आधी चार पात्रता फेऱ्या जिंकाव्या लागतात. मग मोठ्या स्टेडियमवर पगारी खेळाडूंशी गाठ. बावीस वर्षांत बाबांचा क्लब दुसऱ्या फेरीपुढे गेला नव्हता. त्या वर्षी पहिल्या दोन्ही जिंकल्या, आणि साथ आली. मैदानाच्या फाटकाला कुलूप लागलं. बाबा सहा महिने परसातल्या भिंतीवर चेंडू फेकून तो परत झेलत राहिले.

"भिंतीशी तरी जिंका," आई म्हणायची.

"बरोबरी चाललीये," बाबा म्हणायचे.

फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या त्या अगदी वेगळ्या. खेळाडूंनी घरूनच कपडे घालून यायचं, फाटकाशी ताप मोजायचा, हात मिळवायचे नाहीत. प्रेक्षक बंद. कॉलेज बंद असल्यानं मी घरीच होते. तिसरी फेरी आई आणि मी बाबांच्या कामाच्या शिडीवर उभं राहून, कुंपणाच्या भिंतीवरून पाहिली. सामना पेनल्टींवर गेला आणि बाबांनी दोन अडवल्या. फुटबॉलला आयुष्यभर नावं ठेवणाऱ्या आईनं माझा दंड इतका घट्ट धरला होता, की दुसऱ्या दिवशी तिथं निळं पडलं.

चौथी फेरी रविवारी दुपारी तीनला, आमच्याच मैदानावर होती. बाबा त्रेचाळीस वर्षांचे होते. "ही झाली की हातमोजे खुंटीला," असं त्यांनी सांगूनच टाकलं होतं.

त्या सकाळी हात मोकळे करायला म्हणून त्यांनी एक छोटी चौकट घेतली. हिरकणीनं काच कापली, लुकणाचा डबा उघडला आणि तसेच थांबले. डबा नाकाशी नेला. मग माझ्यापुढे धरला.

"याला वास येतोय का गं?"

"येतोय की. नेहमीसारखाच."

ते स्वयंपाकघरात गेले. एक कांदा फोडला, हुंगला. आई शेगडीपाशी होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता गॅस बंद केला.

"सर्दी असेल," ती म्हणाली.

"नाक मोकळं आहे."

"ताप नाही ना? फाटकाशी ताप मोजतात, नाक नाही बघत." मग खाली मान घालून म्हणाली, "अहो, आजचा एक दिवस गप्प बसा ना."

मी आईकडे बघतच राहिले. बाबाही.

"गुरुवारी सगळे एकत्र सराव केलाय," ते म्हणाले. "कप्तानाची आई घरात आहे. त्या म्हातारीनं मला पोरासारखं जेवू घातलंय."

त्यांनी फोन लावला. कप्तानाचा आवाज मोठा, मला दारातून ऐकू येत होता.

"तावदान, सकाळी सकाळी चेष्टा नको."

"चेष्टा नाही रे."

"नुसतं नाक? नाकानं काय गोल अडवतोस?"

बाबांनी हातातला कांदा ओट्यावर ठेवला. मग कप्तान म्हणाला, "ठेव," आणि त्यानंच ठेवला.

नियम साधा होता. एकाला लागणीची नुसती शंका आली, तरी त्याच्याबरोबर सराव केलेले सगळे घरात. आमच्याकडे उभं करायला अकरा माणसं उरली नाहीत आणि समोरचा संघ न खेळता पुढे गेला.

बाबांनी मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. एरवी सामन्याची शिट्टी तिथपर्यंत ऐकू यायची. आई बाहेर स्टूल टाकून बसली होती.

"आता सुरू झाला असता," आतून आवाज आला.

"खिडकी लावून घ्या," आई म्हणाली. बाबांनी ती लावली नाही.

दोन दिवसांनी तपासणीत बाबांना लागण निघाली, आणि संघात बचावाला खेळणाऱ्या पोस्टमनलाही. कप्तानाच्या घरी सगळे बरे राहिले. तरी त्याचा फोन आला नाही. बरे झाल्यावर बाबा पाव आणायला लांबच्या दुकानात जाऊ लागले.

दीड महिन्यानं आमच्याऐवजी पुढे गेलेल्या संघाचा मोठ्या क्लबाशी सामना टीव्हीवर लागला. बाबा खुर्चीच्या कडेवर बसून, त्या परक्या गोलरक्षकाबरोबर डावी-उजवीकडे झुकत पाहत होते. त्या संघानं नऊ गोल खाल्ले. शेवटची शिट्टी वाजली आणि फोन वाजला.

"नऊ," कप्तान म्हणाला. "तू असतास तर सात."

बाबांनी थोडा विचार केला. "आठ."

"सात रे. तो चौथा तू सोडला नसतास." मग जरा थांबून, "दुकानाची पुढची काच तडकलीये. महिना झाला. पुठ्ठा लावून ठेवलाय."

"दुसऱ्या कुणाला सांगायचंस की."

"दुसऱ्या कुणाला कशाला सांगू?"

सकाळी बाबा निघाले तेव्हा शिडीचं दुसरं टोक धरायला मी बरोबर गेले. बेकरीची भट्टी पेटलेली होती. कप्तानानं पुठ्ठा काढून बाजूला ठेवला. बाबांनी काच चौकटीत टेकवली, डबा उघडला, बोटभर लुकण घेतलं आणि नाकाशी नेलं.

"येतोय?" कप्तानानं विचारलं.

"थोडासा," बाबा म्हणाले. "आधी तुझा पाव येतोय, मग हा."

ते पुन्हा कधी गोलात उभे राहिले नाहीत. मी आता दुसऱ्या शहरात राहते. रस्त्यात कुठं नवी काच बसवलेली दिसली, की मी जराशी जवळून जाते.