फुली मारलेले चार खांब

माझ्या आत्याला आमच्या लाकडाच्या वखारीत सगळे 'इन्स्पेक्टर' म्हणतात. पाठीमागे हं, तोंडावर म्हणायची कुणाची छाती आहे? चाळीस वर्षं ती खांब पारखतेय. खांबाच्या बुडाला कान लावायचा, दुसऱ्या टोकावर हातोडी मारायला सांगायची, आवाज बसका आला की खडूची फुली. फुलीचा खांब विकायचा नाही म्हणजे नाही.

गेल्या वर्षापासून तिला कमी ऐकू येतं. आता ती कानाऐवजी तळहात लावते. वखार चालवणाऱ्या माझ्या बाबांना, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला, हे मुळीच पटत नव्हतं.

त्या दिवशी क्रीडा क्लबचे सेक्रेटरी आले. मैदान आणि शेजारची बालवाडी यांच्यामध्ये उंच जाळी लावायची होती, चेंडू पोरांच्या डोक्यात बसू नयेत म्हणून. त्यांनी सरळसोट, गुळगुळीत बारा खांब स्वतःच निवडले. आत्याने त्यातल्या चारांवर फुल्या मारल्या.

"मावशी, हेच तर सगळ्यात देखणे आहेत," सेक्रेटरी म्हणाले.

"मग? लग्न लावायचंय का त्यांचं?"

बाबा वैतागले. "ताई, तुला आता कळत नाही. एक कापून बघू. चांगला निघाला तर उद्यापासून घरी बसायचं."

"काप."

करवत माझ्याकडे असते. फुलीचा एक खांब ओढून घेतला. बुडापासून हातभर अंतरावर कापला. आत लाकूड एकदम घट्ट, कुठे डागसुद्धा नाही. सेक्रेटरी हसले. त्यांच्या तोंडावर भुसा फेकावासा वाटला मला. बाबांनी आत्याकडे न बघता खांब भरायला ट्रक मागे घ्यायला सांगितला.

आत्या उरलेल्या तीन खांबांवर फतकल मारून बसली.

"एकात चुकले. म्हणून हे तीन चांगले झाले का? न्यायचे तर माझ्यासकट न्या."

"ताई, तमाशा नको. घरी जा."

"तू शाळेत जात होतास तेव्हापासून मी इथे आहे. मला घर दाखवू नकोस."

मी कुणालाच विचारलं नाही. तिच्याखालचा एक ओढला आणि कापला. तोही धड निघाला. आत्या जरा सरकली, पुढचा घे म्हणून.

तिसऱ्यात करवत सरसर आत गेली. बाहेरून बोटभर लाकूड, आत सगळी वाळवीची माती. ती माझ्या पायावर सांडली.

सेक्रेटरींनी घसा खाकरला. "तिनात एकच पोकळ निघाला ना पण."

"कुणाच्या घरी पोरही एकच असतं," आत्या म्हणाली.

बाबांनी माझ्या हातातून करवत घेतली आणि कुणी न सांगता चौथा खांब कापायला बसले.